एकसष्ट किलो

शंभरातले एकोणचाळीस. पडद्यावरचा आकडा मी पडल्यापडल्याच वाचला आणि पहिल्यांदा वाटलं, बॅटरी उतरली असेल. यंत्राचा हात माझ्या पाठीखालून येऊन कुशीपाशी थांबला होता, अर्धा वळलेला, कुणाला जवळ घेता घेता विसरून गेल्यासारखा. मे महिन्यातली सोमवारची दुपार, लातूरच्या आमच्या भाड्याच्या घरातली पुढची खोली. एक लोखंडी खाट, खाटेच्या कडेला स्टँडवर बसवलेलं यंत्राचं धड, त्याला एकच उजवा हात. डोकं नाही, पाय नाहीत, ते सगळं पुण्यात. पुण्याची आमची छोटी कंपनी आजाऱ्यांना अंथरुणातून उचलणारा, माणसासारखा यंत्रमानव बनवते आहे, आणि त्याच्या अंगातलं बिनतारी काम माझ्याकडे आहे. माझी मुलगी उप्पू झाल्यावर मी नवऱ्याच्या नोकरीच्या गावी आले, तेव्हा एवढं अर्धं अंग त्यांनी लाकडी खोक्यातून माझ्यामागं पाठवून दिलं. मनगट सारखं फिरतं, तिथं वायर टिकत नाही. म्हणून बोटांना जे लागतं ते मनगटातला एक तुकडा छातीतल्या तुकड्याला हवेतूनच कळवतो : किती जोरात धरलंय, किती हळू. पण माणूस कवेत आला की तो नेमका या दोघांच्या मधे येतो. माणसाचं अंग म्हणजे बहुतेक पाणीच, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. निरोप पोचला नाही की हाताला कळत नाही आपण केवढ्यानं धरलंय, मग तो आहे तिथं थांबतो. थांबायलाच पाहिजे, नाहीतर बरगडी मोडेल. शंभर निरोपांतले किती पोचले, एवढंच मी अकरा आठवडे मोजत होते. मागच्या सोमवारी त्र्याऐंशी पोचले होते. तीच अँटेना, तीच खाट, तोच हात. फक्त तेव्हा खाटेवर बाबा होते.

पुण्याहून सकाळीच फोन आला होता. मॅडम, अभिनंदन, हीच अँटेना पक्की करू, फक्त नोंदीला आणखी एका माणसावरची मोजणी द्या, काय, औपचारिकता. म्हणून मी बाबांना खुर्चीत बसवून त्यांच्या जागी आडवी झाले होते. बॅटरी बदलली. अडतीस. मनात म्हटलं, उप्पू अजून अंगावर पिते, आपल्या अंगात पाणी जास्त असेल. मग भांडी घासायला येणाऱ्या धुरपताबाईंना म्हटलं, मावशी, जरा या खाटेवर पडता का. त्या पदराला हात पुसत दारातच थांबल्या. "न्हाई ताई. आमच्या मालकानं कधी असं धरलं न्हाई, अन् आता ह्या बिनमुंडक्याच्या हातात जाऊ व्हय?" म्हटलं, काही करत नाही हो तो. "समदेच तसं म्हणतेत." पण पडल्या. हात आला, वळला, थांबला. बेचाळीस. "पास झाले का मी?" त्यांनी छताकडं बघत विचारलं. मी आकडा लिहून घेतला. म्हटलं, बाबांना परत इकडं घेऊ, एकदा त्यांच्यावर बघते. मी पाय धरायला वाकले तोवर धुरपताबाईंनी बाबांना खुर्चीतून एकटीनंच उचललं होतं, उप्पूला उचलावं तसं, एक हात मानेखाली, एक गुडघ्याखाली. "आले तवा पोतं होतं म्हातारबा," त्या म्हणाल्या. "दोघींना निघत नव्हते. आता बघा." हात पाठीखालून गेला, कुशीवरून वळला, छातीपर्यंत आला, आणि त्यानं बाबांना इतकं बेतानं धरलं की पाहणाऱ्याला वाटावं याला कुणीतरी माया शिकवली आहे. चौऱ्याऐंशी.

मी तो आकडा बघत उभी राहिले. जे मला कळायचं होतं ते कळलेलं होतं, पण ते अजून शब्दात आलं नव्हतं. मला आठवत होती ती बाबांची बिनतारी खोली. बाबा, साहेबराव, पोलिसात वायरलेस ऑपरेटर होते. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नांदेडहून जी माणसं इकडं पाठवली त्यात ते होते. इथला पहिला खांब आपण उभा केला, असं ते सांगायचे, आणि आई म्हणायची, खांब काय एकट्यानं उभा राहतो का. पुढं बदली होऊन ते पुन्हा नांदेडला आले, निवृत्तीनंतर कंधारला आजोबांच्या जागेवर दोन खोल्या बांधल्या. मी सहासात वर्षांची असताना ते मला ड्यूटीवर न्यायचे. खोलीत सेटची घरघर, भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात माठ. आवाज पडला की बाबा कानाला हात लावून, न बघताच म्हणायचे, "कोण उभं राहिलं रे खिडकीत? सरक." आणि खरंच कुणीतरी हवालदार खिडकीत तंबाखू मळत उभा असायचा. तो सरकला की आवाज यायचा. माणूस मधे आला की आवाज पडतो, बाबा मला सांगायचे, म्हणून माणसानं कुठं उभं राहायचं ते शिकलं पाहिजे. मग ते मला खोलीत फिरवायचे, इथं उभी राहा, हात वर कर, आता तिथं. एके ठिकाणी मी उभी राहिले की भोकर ठाण्याचा आवाज अगदी स्वच्छ यायचा, आणि ते सगळ्यांना सांगायचे, "माझी पोरगी म्हणजे एरियल हाय." विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मला जागा मिळाली तेव्हा त्यांनी पेढ्यांचा पुडा आधी त्या खोलीत नेला, मग घरी आणला. आईनं आठ दिवस ते ऐकवलं.

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक शब्द राहिला : हाव, म्हणजे हो. जेवलात? हाव. दुखतंय? हाव. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, त्यांना सगळं समजतं, पण तोंडातून तेवढाच शब्द निघतो, दुसरं काही म्हणायचं असलं तरी तोच निघतो. आम्ही तो कागद फाइलला लावला आणि विसरलो. विसरलो म्हणजे, हो म्हणणाऱ्या माणसाबरोबर राहणं इतकं सोपं होतं. जानेवारीत मी त्यांना लातूरला आणलं. माणसं तेव्हा लातूर सोडून जात होती. शेजारच्या वहिदाभाभींनी पोरं नांदेडला माहेरी पाठवली होती. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "अगं, सगळे इथून निघून राहिले आणि तू माणूस आणून राहिली?" टँकर आठ दिवसांनी यायचा, घरटी दोनशे लिटर, निळ्या ड्रमात. पुढं मिरजेहून पाण्याची रेल्वे यायला लागली, तरी आमच्या गल्लीत आठाचे सात झाले एवढंच. कंधारला तरी कुठं होतं पाणी. आणि तिथं त्यांना बघणारं कुणी नव्हतं. मी एकुलती एक.

खरं तर या मोजणीला जिवंत माणूस लागत नाही. पुण्यात आम्ही प्लास्टिकचं एक पोकळ बाहुलं वापरतो, त्यात साठ लिटर पाणी भरायचं, मीठ आणि साखर ठरल्या मापानं घालायची, की लहरींच्या दृष्टीनं तो माणूस झाला. पुण्याचे सर फोनवर म्हणाले, बाहुलं पाठवून देतो, पाणी तेवढं तुम्ही भरा. मी निळ्या ड्रमाकडं बघितलं. साठ लिटर पाणी खारट करून खोलीत उभं करून ठेवायचं. धुरपताबाईंच्या समोर, ज्या आमच्याकडं कामाला येतात त्या निम्म्या पगारासाठी आणि निम्म्या आठवड्याच्या दोन घागरींसाठी. नको म्हटलं. माणूस चालेल का, विचारलं. ते म्हणाले, चालेल, पण हलायला नको, आणि दर वेळी तोच पाहिजे. मी वळून बघितलं तर बाबा खाटेवर होते. हलत नव्हते, दर वेळी तेच होते. सुगत, माझा नवरा, जिल्हाधिकारी कार्यालयात अव्वल कारकून आहे. नवा उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून त्यांच्याकडं कोणतं गाव कोणीकडं जाईल याचे तक्ते सारखे मागवले जात होते, आणि तो घरीही तेच घेऊन बसायचा. त्यानं तक्त्यातून मान वर केली. "त्यांच्यावर प्रयोग करणारेस?" म्हटलं, प्रयोग नाही रे, मोजणी. रेडिओच्या लहरी आहेत, त्यांच्याच धंद्यातल्या. "त्यांना विचार तरी." मी विचारलं. "हाव," बाबा म्हणाले, आणि डोळे असे चमकले की मला ते खरं वाटलं. अजूनही वाटतं, ते तेवढं तरी खरं होतं. कंधारहून निघताना दवाखान्यात वजन केलं होतं, एकसष्ट किलो. माझ्या मोजणीच्या तक्त्यात रकाना होता : चाचणीतल्या व्यक्तीचं वजन. मी लिहिलं, ६१.

पहिल्या सोमवारी एक्केचाळीस आले. मी अँटेनाच्या तांब्याच्या पट्टीचा आकार बदलला, पुढच्या सोमवारी शेहेचाळीस. मग त्रेपन्न. दर आठवड्याला मी पट्टी थोडी वाकवायची, थोडी कापायची, छातीतला तुकडा बोटभर वर सरकवायची, आणि दर आठवड्याला आकडा चढायचा. इतकं सरळ काम माझं आयुष्यात कधी झालं नव्हतं. बाळंतपणानंतर डोकं चालेनासं झालंय, अशी माझी समजूत झाली होती. शब्द आठवायचे नाहीत, दूध उतू जायचं, आणि आता दर सोमवारी दुपारी, उप्पू झोपायची त्या दीड तासात, मी पुन्हा मी व्हायची. मी बाबांना सांगायची, बाबा, अडुसष्ट! ते म्हणायचे, हाव. उप्पू उठली की त्यांच्या खाटेशी जायची. ती नुकती चालायला लागली होती, यंत्राच्या हाताला मामा म्हणायची आणि बाबांच्या डाव्या हाताला धरून उभी राहायची. त्यांच्या उशाशी पाण्याचा पेला असायचा. डावा हात चांगला होता, पेला त्यांना स्वतःला उचलता यायचा, म्हणून मी भरून ठेवला की बघायची नाही. ते पेला तिच्या तोंडाला लावायचे. तिच्या हनुवटीवरून ओघळलेलं पाणी अंगठ्यानं वर सारायचे, परत तोंडात. मी मोबाइलवर त्याचा एक व्हिडिओ काढला. माझ्या सासूबाईंना पाठवला. त्यांनी उत्तरात हात जोडलेले पाठवले.

मार्चमधली एक संध्याकाळ आहे. ती मी मनात किती वेळा उघडली असेल. सुगत ऑफिसमधून आला होता, मी चादरी वाळत घालत होते. मी म्हणाले, बाबांच्या चादरींनाच रोज अर्धी घागर जाते. रागानं नाही म्हणाले. तक्रार म्हणूनही नाही. ड्रमाची पातळी सांगावी तसं सांगितलं, त्या दिवसांत घराघरात तेच बोलणं होतं. पुढच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पडद्यापलीकडं बाबा होते. जन्मभर घरघरीतून माणसाचा आवाज वेगळा काढणं हेच ज्याचं काम होतं, तो माणूस. त्यानंतर चादरी कमी ओल्या व्हायला लागल्या. धुरपताबाई म्हणाल्या, "म्हातारबा सुधारून राहिले ताई." मलाही तसंच वाटलं. मी सुगतला सांगितलं, तो म्हणाला, बघ, आणलं ते बरं झालं. जेवणही कमी झालं होतं, पण उन्हाळ्यात कुणाचं कमी होत नाही. भाकरी दुधात कुस्करून दोन घास. पोट भरलं का? हाव. पेला रिकामा झालेला असायचा. पाणी पिलात का? हाव.

त्या सोमवारी मी यंत्र बंद केलं, हात सैल झाला, आणि मी बाबांच्या मनगटाच्या वरची कातडी चिमटीत धरली. उप्पूला जुलाब लागले होते तेव्हा डॉक्टरनं मला हे शिकवलं होतं : पोटाची कातडी चिमटीत धरायची आणि सोडायची, लगेच बसली तर बरं. मी सोडली. ती तशीच उभी राहिली, कागदाची घडी उभी राहते तशी. मी बघत राहिले. धुरपताबाई काहीतरी म्हणत होत्या. माझ्या डोक्यात सगळे सोमवार एकामागून एक येत होते, एक्केचाळीस, शेहेचाळीस, त्रेपन्न, आणि प्रत्येक आकड्याला मी किती हसले होते तेही. अँटेना तशीच होती. पहिल्या दिवशी होती तेवढीच. ती इथं तिथं वाकवून मी काहीही साधलं नव्हतं. मधलं माणूस ओसरत होतं. मी बाबांकडं बघितलं तर ते माझ्याकडंच बघत होते, आणि चेहऱ्यावर तेच होतं जे भोकरचा आवाज स्वच्छ आला की असायचं.

दवाखान्यात त्यांना वजनकाट्यावर बसवलं. शेहेचाळीस. डॉक्टर वयानं माझ्याएवढीच होती. तिनं विचारलं, आधी किती होतं? एकसष्ट, मी म्हटलं. कधी? मी म्हटलं, जानेवारीत. त्यानंतर कधी केलं? सुगतनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वेळा लिहिलं होतं मी ते, ६१, दर सोमवारी, वरच्या ओळीतलं बघून खाली. डॉक्टर रागावली नाही. मूत्रपिंडं थकलीत म्हणाली, सलाइन लावू, हळूहळूच चढवावं लागेल, आता एकदम पाणीही सोसणार नाही. चार दिवस मी तिथं होते. उप्पूला वहिदाभाभींनी ठेवून घेतलं. दुपारी तिला घेऊन यायच्या, मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर पदराआड तिला प्यायला घ्यायची आणि आत बाबांच्या ओठांना ओला कापूस लावायची, आणि या दोन जागांमधलं अंतर वीस पावलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबा जरा जागे होते. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, बाबा, ते मी चादरींचं बोलले होते, ते तुम्ही ऐकलं होतं का? "हाव." म्हणून पाणी सोडलं? "हाव." मग मी विचारलं, की त्यामुळं नाही सोडलं? आपोआपच जात नव्हतं? "हाव." उप्पूसाठी ठेवत होतात? हाव. माझ्यावर राग आहे? हाव. नाही ना राग? हाव. ते प्रत्येक वेळी तितक्याच कष्टानं ओठ जुळवून म्हणत होते, आणि डावा हात चादरीवर हलवत होते, सरक म्हणाल्यासारखा, किंवा ये म्हणाल्यासारखा. मी विचारायचं थांबवलं. तो हात हातात घेतला आणि बसून राहिले. त्यांना काय सांगायचं होतं ते मधे कुठंतरी राहिलं, आणि मधे मीच होते, इतकी जवळ.

शुक्रवारी पहाटे गेले. कंधारला नेलं. तिथल्या विहारातले गुरुजी आले, जलदान विधीला तांब्याभर पाणी लागेल म्हणाले. फोटोपुढं ताटात पेला ठेवला, आणि मी, लेक म्हणून मीच, त्रिशरण चालू असताना तांब्यातून धार धरली. पेला भरून पाणी ताटात सांडेपर्यंत थांबायचं नसतं. भरला, काठोकाठ आला, सांडला. अंगणात चाळीसपन्नास माणसं होती, आसपासच्या चार गावांत पाणी नव्हतं, आणि ते ताटात पसरत गेलेलं पाणी सगळे शांतपणे बघत होते. चुलत चुलते बसवंतकाका मागून हळू म्हणाले, "वत बाय, वत. हात आखडू नको." माझा हात आखडला होता. महिनोन्महिने पेला सांडू न देता भरायची सवय झालेली.

लातूरला आल्यावर पुण्याच्या सरांना फोन केला. अँटेना चांगली नाही, म्हटलं, मी सगळं सांगते. त्यांनी ऐकलं. म्हणाले, तुम्ही आराम करा, ती अकरा आठवड्यांची मोजणी काढून टाकू, ती धरायची नाही. मी नाही म्हटलं. काढायची नाही. ते म्हणाले, पण ती चुकीची आहे मॅडम. म्हटलं, चुकीची नाही. तेवढी बरोबर मोजणी मी कधी केली नाही. कशाची होते आहे एवढंच मला कळलं नव्हतं. नंतर उप्पू झोपली असताना मी तक्ता उघडला. वजनाच्या रकान्यातले अकराही एकसष्ट खोडले. त्या जागी काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. आकड्यांवरून उलटं काढता येईल का, हेही मनात आलं, कोणत्या सोमवारी किती राहिले होते. आणि मी थोडं काढून बघितलं, आणि थांबले. शेऱ्याच्या जागी लिहिलं : या काळात चाचणीतील व्यक्ती पाणी पीत नव्हती. मोजणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. नाव लिहून सही केली.

काम मात्र संपलेलं नव्हतं. हात अजून थांबतच होता, आणि असे किती बाबा किती खाटांवर असतील. बाहुलं मागवलं तर साठ लिटर पाणी कुठून आणायचं हा प्रश्न तसाच. रविवारी सुगतनं वजनाचा काटा आणून खोलीत ठेवला, शर्ट काढला, आणि खाटेवर जाऊन पडला. बाबा गेल्यापासून तिथं कुणी पडलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले, मग उघडून म्हणाला, "कर सुरू. मी नाही हलत." मी त्याला उठवलं. आधी काट्यावर उभं केलं, बहात्तर, ते लिहिलं. मग स्वयंपाकघरातून पेला भरून आणला. तो म्हणाला, "ठेव तिथं, नंतर पितो." मी म्हटलं, आत्ता. माझ्यासमोर. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पेला तोंडाला लावला. मी त्याच्या गळ्याकडं बघत उभी राहिले. घाटी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पेला रिकामा झाल्यावर तो माझ्या हातात द्यायला लागला, तेव्हा मी म्हटलं, थांब, आणि तोंड उघडून दाखव म्हणाले. त्यानं लहान मुलासारखं दाखवलं.